पलंगाला लागून

"वरवंटा खाली ठेव, दिन्या. बाजारात फिरवून आणायला ते काय कुत्रं हाय का?"

आई मोरीच्या तोंडाशी उभी होती, हात पिठानं भरलेले. मी वरवंटा जुन्या टॉवेलात गुंडाळून पिशवीत घालत होतो. मी म्हणलं, पाळणा बघायला चाललोय, रिकाम्या हातानं कसा बघू? दुकानदार वरून हात फिरवणार, मजबूत हाय म्हणणार, आणि आपण मान डोलवून घरी येणार. बाळाला घेऊन दुकानं हिंडता येत नाय. मग बाळाच्या वजनाचं काहीतरी नको का?

"बारशाला पाळण्यात पहिला त्याला निजवायचा असतो," आई म्हणली. "तू त्याला गावभरच्या पाळण्यांत निजवून आणशील. मग आपल्या पाळण्याला उष्टा वरवंटा घालू का?"

आमच्यात तसंच करतात. बारशाला बाळाच्या आधी वरवंट्याला टोपडं घालून पाळण्यात ठेवायचं. बाळ दगडासारखं टणक व्हावं म्हणून. मला ते सगळं माहीत होतं. पण माझं डोकं सरकलेलं होतं. मी म्हणलं, वरवंटा पडला तर फार तर फरशी फुटंल. बाळ पडलं तर काय करशील, सांग.

आईनं हात झटकले आणि पुन्हा परातीशी जाऊन बसली. मी पिशवी उचलली.

साधना माझी मोठी बहीण. दिंडोरीला दिलेली. पहिलं बाळंतपण म्हणून आमच्याकडं मखमलाबादला आलेली, सिझर होऊन मुलगा झालेला. तिला लहानपणापासून फिट येते. गोळ्या चालू असल्या की सहसा येत नाय, पण त्या गोळ्यांनी झोप अशी जड लागते की कानाशी फटाका लावला तरी ही नुसती कूस बदलंल. म्हणून डॉक्टरीणबाईंनी घरी सोडतानाच बजावलं होतं. बाळाला आईच्या अंथरुणात झोपवायचं नाय. तिच्या पलंगाला लागून त्याची स्वतःची जागा करा. गादी पातळ आणि घट्ट, उशी नको, गोधड्यांचा ढीग नको, बाळ पाठीवर.

तेव्हा तिथं साधनाची सासू कलाबाई पण उभी होती. तिनं यातलं पहिलं वाक्य ऐकलं आणि बाकीचं सोडून दिलं. आईच्या अंथरुणात नको ना, मग माझ्या अंथरुणात. ती म्हणली, रात्री बाळ माझ्याकडं, दूध बाटलीनं पाजीन, सुनेनं निवांत झोपावं. वर वर बघितलं तर ही मायाच. पण साधनाचं तोंड मी बघितलं होतं. तिला नुकतं दूध यायला लागलं होतं. दिंडोरीच्या घरात सासूची खोली अंगणाच्या पलीकडं. एकदा बाळ तिकडं झोपायला लागलं की ते तिकडचंच होणार, हे तिला कळत होतं आणि मला पण.

कलाबाई वाईट बाई नाय. तिच्या जावेचं पोरगं झोळीतून पडलेलं तिनं स्वतःच्या डोळ्यानं बघितलंय. तेव्हापासून झोळी, पाळणा, झोका, कशावरच तिचा विश्वास नाय. विश्वास फक्त स्वतःच्या कुशीवर. आमच्या ओट्यावर बसून तिनं सरळ सांगितलं, "पाळणा मामानं द्यायचा असतो, त्यानं आणावा. बारशाच्या दिवशी माझ्यासमोर लावा. मला पटला तर पोरगं आईजवळ. नाय पटला तर त्याच दिवसापासून ते माझ्या कुशीत, आणि सव्वा महिना मी इथून हलायची नाय."

मामा म्हणजे मी. मला नीट दाढी पण आलेली नाय.

आईनं तसा शब्द दिला आणि बारशापर्यंत रात्री बाळापाशी स्वतः जागायचं ठरवलं. कलाबाई गेल्यावर साधनानं मला जवळ बोलावलं. टाक्यांमुळं तिला हसता पण येत नव्हतं. ती म्हणली, "दिनू, चांगला दिसायला नको. झुलायला नको. मी पडल्या पडल्या हात लांबवला की त्याला लागला पाहिजे, आणि मी झोपेत असले तरी त्याला काही व्हायला नको. एवढंच बघ."

एवढंच.

सायकलच्या हँडलला पिशवी अडकवली तर हँडल सारखं एका बाजूला ओढत होतं. मखमलाबाद ते शहरातला रविवार कारंजा मी अशी सायकल चालवली की मागून येणारा रिक्षावाला म्हणला, पिऊन चालवतो का रे.

मेन रोडवरच्या पहिल्या दुकानात रंगीत पाळणे टांगलेले होते, लाल-पिवळे, वर चिमण्या, खाली घुंगरं. मी वरवंटा काढला, टॉवेलाच्या एका टोकाला गाठ मारून त्याचं डोकं केलं आणि पाळण्यात निजवला. मग एक झोका दिला. दुकानदार ओरडला की रिकामा पाळणा हलवू नये, बाळाला बाधतं. मी म्हणलं रिकामा कुठंय, हा काय आत हाय. तेवढ्यात पाळणा कलला, वरवंटा गडगडत कडेला गेला आणि त्यानं एक चिमणी उडवून दिली. मी ती उचलून दुकानदाराच्या हातात ठेवली आणि पायऱ्या उतरलो. एका बाजूला वजन गेलं की अख्खा पाळणा त्याच बाजूला झुकतो, हे चिमणीच्या नादात कुणी बघत नाय.

दुसरं दुकान काचेचं, एसीवालं. तिथं जाळीचा पाळणा होता, घडी होणारा, कापडावर अस्वलाचं चित्र. तिथली पोरगी लय गोड बोलत होती. कळ दाबली की गाणं वाजतं, म्हणली. मी वरवंटा ठेवला. तळाची गादी मऊ, मधे खोल गेली, वरवंटा घरंगळून कडेला टेकला आणि जाळी बाहेर फुगली. मी खाली वाकून टॉवेलाच्या गाठीकडं बघितलं. जिथं नाक असतं तिथं जाळी आणि गादी दोन्ही चिकटून बसली होती. पोरगी म्हणली, यावर मऊ उशी फ्री हाय. मी म्हणलं उशीच तर नको हाय. तिनं माझ्याकडं असं बघितलं की जसा मीच दगड हाय आणि पिशवीतला वरवंटा गिऱ्हाईक.

तिसरं दुकान द्वारका चौकाकडं, लाकडी फर्निचरचं. तिथली खाट बघून मला वाटलं, झालं काम. जाड लाकूड, चारी बाजूंनी उभ्या पट्ट्या, हलवली तरी हलंना. वरवंटा मधे ठेवला, हलला नाय. मग मी तो आडवा न ठेवता टोकाकडून दोन पट्ट्यांच्या मधून ढकलला. सरळ बाहेर. आणि बाहेर दुकानदाराचा पाय होता.

तो एका पायावर नाचत म्हणला, "खाट घ्यायला आलास का पाय मोडायला?"

मी माफी मागितली, पण पट्ट्यांकडं बोट पण दाखवलं. म्हणलं, बाळाचे पाय इथून जाणार, मागून अंग जाणार, आणि डोकं इथं अडकणार. मग? तो म्हणला इतकी वर्षं विकतोय, एकानं तक्रार केली नाय. वर त्या खाटेला चारी बाजू बंद. म्हणजे साधनानं दर वेळी उठून उभं राहायचं, वाकायचं, पोटाच्या टाक्यांवर जोर देऊन बाळ वर काढायचं. मी म्हणलं, एक बाजू काढून द्याल का? तो म्हणला, एक पाय मोडलाच हाय, आता खाट पण मोड.

संध्याकाळपर्यंत मी हिंडलो. सगळीकडं तेच. दिसायला एक नंबर, पण पलंगाला लागून बसंल असं एक पण नाय. परत येताना नदीच्या पुलावर चढावर सायकल ढकलता ढकलता माझं ठरलं. विकत मिळत नाय ना, मग मी बनवतो.

मी अंबडला फकिराभाऊच्या शेडमध्ये कामाला हाय. खिडक्यांच्या ग्रिल, गेट, जिन्याचे कठडे. नववीत सरांनी मला फळ्यासमोर उभं केलं, तिथून मी जो निघालो तो सरळ घरी आलो, आणि घरी बसवंना म्हणून अंबडला. फकिराभाऊ बोलायला लय कडू. मी पाळण्याचं सांगितलं तर आधी म्हणला, गेट सरळ वेल्ड करता येत नाय आणि चालला पाळणा करायला. मग विडी संपवली आणि कोपऱ्यात बोट दाखवलं. गेल्या वर्षी कुंभमेळ्याला बॅरिकेड बनवली होती, त्याचा उरलेला पाइप पडलेला. घे, म्हणला, पण धंद्याचं काम झाल्यावर.

साधनाच्या पलंगाची उंची मी सुतळीनं मापून, गाठ मारून आणली होती. जमिनीवर खडूनं चित्र काढलं. तीन बाजूंना कठडा, चौथी मोकळी, ती पलंगाकडं. तळ बरोबर पलंगाच्या गादीच्या पातळीला. कठड्याच्या गजांमधलं अंतर मी वरवंट्यानं ठरवत होतो, वरवंटा जाणार नाय एवढं. फकिराभाऊ बघत उभा होता. म्हणला, वरवंट्याला पाय असतात का? त्याच्या भाचीचं तान्हं पोर त्यानं नुकतंच मांडीवर घेतलेलं. पाय एवढे बारीक असतात, म्हणून त्यानं दोन बोटं दाखवली. मग मी गज अजून जवळ घेतले. दोन्ही टोकांना दोन बोटं घालून बघायची, तिसरं गेलं की गज तोडून परत लावायचा. तसे बरेच तोडले.

वेल्डिंगचे काटे घासून काढले, कोपरे गोल केले. मग फकिराभाऊनं कापसाचा बोळा दिला आणि म्हणला, पूर्ण फिरव. जिथं कापूस अडकंल तिथं बाळाची कातडी अडकंल. लय ठिकाणी अडकला. मी चिडलो, पाना फेकला, बाहेर जाऊन चहा पिऊन आलो, आणि परत कानस घेऊन बसलो. कापूस सगळीकडून सरकला तेव्हाच हात थांबवला. ऑइल पेंट नको म्हणून शेजारच्या शेडमधून पांढरं पावडर कोटिंग करून घ्यायचं ठरलं. ते भट्टीत भाजतात, त्याचे पोपडे निघत नायत.

एक गोष्ट मात्र माझ्या डोक्यातली. चाकं. भंगारातल्या एका ट्रॉलीची रबरी चाकं होती, एकदम गुळगुळीत फिरणारी. मी म्हणलं, लावू, झाडायला सोपं, आणि दिसंल पण भारी. फकिराभाऊनं विचारलं, तुमच्या घरची फरशी कशी हाय?

मी म्हणलं, फरशीसारखी.

त्यानं खांदे उडवले.

कोटिंगवाल्यानं उशीर केला. पाळणा हातात मिळाला तो बारशाच्या सकाळी. माझे दाजी, म्हणजे साधनाचा नवरा मनोज, यांचा टेम्पो हाय, द्राक्षाच्या सीझनला क्रेट वाहतात. तेच अंबडला आले आणि आम्ही पाळणा मागं बांधून आणला. दाजी मोजकं बोलतात. पूर्ण रस्ता एवढंच म्हणाले की आईला पटलं तर बरं होईल रे. बाळ कुठं झोपणार याच्यावरून रोज घरी त्यांचा आईशी वाद चाललाय, हे पण त्यातच कळलं.

घरात घुगऱ्यांचा वास, बायकांची गर्दी. मी पाळणा पलंगाला लावला. सुतळीची गाठ खोटी ठरली नाय, दोन्ही गाद्या एका पातळीत. पांढरा शुभ्र, गोल कोपऱ्यांचा. आजूबाजूच्या बायका हात लावून बघत होत्या, गेटवाल्यानं केला का गं, म्हणत होत्या. मी दाराला टेकून उभा होतो. छाती जरा पुढंच होती.

कलाबाई आली. तिनं आधी गजांमधून बोटं घातली. मग गाल कठड्यावर घासला, खरंच घासला, इकडून तिकडं. मग गुडघा गादीवर दाबला. तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटली. वरवंट्याला टोपडं घालून त्यात निजवला आणि साधनाला म्हणली, बस पलंगावर. रात्री घेशील तसं घे त्याला.

बाळ आईकडं देऊन साधना पलंगावर बसली. कडेला सरकली, हात लांबवून वरवंट्याखाली घातला आणि आपल्याकडं ओढायला लागली. ओढताना तिचा गुडघा पाळण्याच्या खालच्या पाइपाला लागला. जोर काहीच नव्हता. पण पाळणा निघाला.

आमच्या खोलीत बादलीनं पाणी ओतून फरशी धुतात. म्हणून ती मोरीकडं उतरती हाय. जन्मापासून मी त्या फरशीवर चालतोय. गोटी सोडली तर ती मोरीत जाते, हे लहानपणी मीच शोधलेलं.

चाकं गुळगुळीत फिरली. पलंग आणि पाळण्याच्या मधे फट पडली, आणि वरवंटा साधनाच्या बोटांवरून निसटून त्या फटीत गेला. असा आवाज झाला की बाहेरच्या बायका आत आल्या. फरशीला तडा. टोपडं एकीकडं, दगड एकीकडं.

कलाबाई वाकली, वरवंटा उचलला, त्याची धूळ पदरानं पुसली, टोपडं परत नीट घातलं. ओरडली असती तर मी उलटा ओरडलो असतो. पण ती हळू आवाजात म्हणली, "हा माझा नातू असता तर?"

कान तापले. मी पाळण्याला लाथ घातली आणि तो लाथ खाऊन अजून पुढं गेला, मोरीच्या कट्ट्यावर जाऊन आदळला. मागून एक बाई फिस्सकन हसली. कलाबाईनं आईसमोर हात पुढं केले, बाळ द्या म्हणून. आईनं बाळ उचललं पण. आई तरी काय करणार, शब्द दिलेला होता.

त्या दोघींच्या मधे साधना उभी राहिली. पोटावर एक हात धरून उभी राहिली आणि बाळ आईच्या हातातून स्वतः घेतलं.

"अजून बारसं झालं नाय, आत्या," ती म्हणली. "आजचा दिवस ठरला होता, दिवस अजून हाय. हे नीट होईपर्यंत नाव ठेवायचं नाय. दिन्या, पाना आण."

सासूसमोर वर मान करून बोलताना मी तिला कधी बघितलं नव्हतं. कलाबाईनं पण नसावं. ती म्हणली, बायका खोळंबल्यात. साधना म्हणली, खोळंबू दे, बाळ पण खोळंबलंय. आणि बाळाला घेऊन ती खाली भिंतीला टेकून बसली, उठवायला क्रेन लागंल अशी.

मी पाना आणला. पाळणा उलटा करून चारी चाकं काढली आणि मोरीत फेकली. पण चाकं गेली तर पाळणा तेवढा खाली गेला. आता बाळ खड्ड्यात आणि आई वर. साधनाला वाकावं लागलं असतं, टाक्यांवर जोर आला असता. मी खाली बसून बघत राहिलो. पाय वाढवायला वेल्डिंग पाहिजे, वेल्डिंगला अंबड. मग पलंगाच्या पायाकडं नजर गेली. आमचा लोखंडी पलंग विटांवर ठेवलेला, खाली सामान मावावं म्हणून. वीट आणि चाक, उंचीला जवळ जवळ सारखं.

मी म्हणलं, दाजी, पलंग उचला.

दाजींनी शर्टाच्या बाह्या वर केल्या. चार बायकांनी पण कोपरे धरले. आधी पलंगाखालचं निघालं. ट्रंक, युरियाची अर्धी गोणी, दिवाळीचे आकाशकंदील, झेंडूच्या बियांच्या पुड्या, माझं शाळेचं दप्तर. आई लाजेनं अर्धी झाली, एकेक वस्तू पायानं दाराआड सारत होती. विटा काढल्या, पलंगाचे पाय जमिनीवर टेकले. पाळणा लावला. आता तो पलंगापेक्षा बोटभर खाली. दाजी बाहेर गेले आणि टेम्पोतून टायरची जुनी ट्यूब घेऊन आले. मी कात्रीनं तुकडे केले, घडी घालून चारी पायांखाली सरकवले. उंची पण आली आणि पाय फरशीला चिकटले पण.

तरी मला पटत नव्हतं. चिकटलेलं आज चिकटलंय, उद्या फरशी ओली असंल. दाजींना विचारलं, क्रेट आवळायचा पट्टा हाय का, बकलवाला? ते म्हणाले, हाय, पण तो गेला की माल कशानं बांधू? आणि हे म्हणता म्हणताच आणायला गेले. मी पलंगाखाली पोटावर सरपटत गेलो. पट्टा पाळण्याच्या खालच्या पाइपाखालून घेतला, पलंगाच्या भिंतीकडच्या अँगलला वळसा घातला आणि परत आणून बकल आवळलं. पाय लावून आवळलं. दोन्ही गाद्या एकमेकींना दाबून बसल्या. बाहेर आलो तेव्हा तोंडावर कोळ्याची जाळी होती. मी पलंगावर बसून दोन्ही पायांनी पाळण्याला रेटा दिला, माझ्यात जेवढा जोर हाय तेवढा. पलंग करकरला. फट पडली नाय.

मग कलाबाई पुढं झाली. मला बाजूला केलं आणि पलंगाच्या अगदी कडेला, पूर्ण वजन टाकून बसली. गादी दबली. तिनं सांध्यात बोटं घालायचा प्रयत्न केला. बोटं गेली नायत. तिनं पाळणा ओढला, ढकलला, वरवंटा आत टाकून कठड्याला हिसके दिले. बाई टेम्पो विकत घेताना टायर तपासावेत तशी तपासत होती. बाहेर एक म्हातारी म्हणली, कलाबाई, तोडूनच थांबणार का? तेव्हा ती थांबली.

आणि कमरेच्या पिशवीतून तिनं मोहरीची उशी काढली. बाळाचं डोकं गोल व्हावं म्हणून घालतात ती. पाळण्यात ठेवली. साधनानं उठून ती उचलली आणि पलंगावर ठेवली.

"डोकं चपटं होईल त्याचं," कलाबाई म्हणली.

"होऊ दे," साधना म्हणली. "श्वास घेईल."

दोघी एकमेकींकडं बघत उभ्या. मी पाना हातात धरून. मला वाटलं आता परत पेटणार. पण कलाबाईनं उशी उचलली, परत कमरेला खोचली आणि बायकांना म्हणली, या गं, उन्हं चढली.

वरवंटा पाळण्याखालून वरून फिरवला, बाळ निजवलं. दाजींच्या बहिणीनं, बाळाच्या आत्यानं, कानात नाव सांगितलं, ओम. तो त्या घट्ट गादीवर पाठीवर पडून हात-पाय झाडत होता. कुठंच काही अडकत नव्हतं. मी जेवायला बसलो नाय, तिथंच उंबऱ्यावर बसून गजांकडं बघत राहिलो.

जेवणं झाली तरी कलाबाई काही बोलली नव्हती. पटलं का नाय, एक शब्द नाय. तिची कपड्याची पिशवी तर सव्वा महिन्याच्या हिशोबानं फुगलेली, कोपऱ्यात. साधना पुन्हा पुन्हा त्या पिशवीकडं बघत होती. शेवटी पान खाऊन कलाबाई साधनाच्या पलंगावर आडवी झाली. कोणालाच कळंना ही काय करतीय. तिनं डोळे मिटले आणि मिटल्या डोळ्यांनी हात लांबवला. हात बाळाच्या पोटावर पडला. परत घेतला, परत लांबवला. असं लय वेळा केलं. मग डोळे न उघडताच बोलली.

"दिनेश, आमचा दिंडोरीचा पलंग खोक्याचा हाय. खालून पट्टा जायचा नाय. तिथं काय करशील?"

पूर्ण नावानं पहिल्यांदाच. मी म्हणलं, मावशी, बघितल्याशिवाय सांगता यायचं नाय.

"मग बघायला चल. मी उद्या सकाळी जातेय. सूनबाई सव्वा महिन्यानं येईल तेव्हा तिकडं तयार पाहिजे."

आईनं स्वयंपाकघरातून बाहेर येऊन विचारलं, तुम्ही राहणार होता ना? कलाबाई उठून बसली, पदर नीट केला आणि म्हणली, इथं माझं काय काम हाय.

कलाबाई पलंगावरून उतरल्यावर साधना भिंतीकडं तोंड करून पडली, आणि एक हात मागं लांबवून ओमच्या पायावर ठेवला.

आज सकाळी फकिराभाऊकडून ड्रिल मशीन आणि लांब बोल्ट आणलेत. खोक्याच्या पलंगाला भोकं पाडावी लागतील, आरपार, नायतर मागून क्लॅम्प. लाकूड किती जाड हाय त्याच्यावर. आतून पत्रा लावला तर बोल्ट ओढला तरी फाटायचं नाय. फरशी कशी हाय ते आधी बघणार, गोटी खिशात घेतलीय. कलाबाई टेम्पोत पुढच्या सीटवर जाऊन बसलीय आणि दाजी हॉर्नवर हॉर्न देतायत. दाजी थांबतील, मावशी थांबायची नाय. मला आता निघायला पाहिजे.